तळाशी गोडं पाणी

जुफैर, बहरीन
१४ नोव्हेंबर १९९६

भाईजान,
अस्सलामु अलैकुम.

"वही माझ्याकडे दे रशीदा, तुझी गलबतं मी पलीकडे पोचवतो." सात वर्षांपूर्वी मी इथून सुट्टीला आले होते, तेव्हा रत्नागिरीच्या घरात तुम्ही असं म्हणाला होतात. तुमचं पत्र वाचताना तेच आठवत राहिलं.

इथे सगळे खुशाल. हुसेनची शिफ्ट बदलली. लाईबाला मराठी समजतं, बोलते इंग्रजीतच. गावाहून परतताना वकारने आणलेली तुमची कादंबरी मी तिला वाचून दाखवली. फिनिशियन खलाशी वादळात भरकटून अमेरिकेला लागतात आणि तिथेच घरं बांधतात, इथवर आले तशी पोरगी उठून बसली. "मम्मी, दॅट्स युवर स्टोरी!" मी म्हटलं, मामाने छापली. मुखपृष्ठावरचं नाव तिला वाचता येत नाही, ते बरं.

शेवटी म्हातारा नाखवा पायाला दगड बांधून, रिकामी पखाल घेऊन समुद्रात उडी का मारतो, असं तुम्ही विचारलंय. सगळे त्याला आत्मबलिदान म्हणाले, तुम्ही मान डोलावलीत. आता मुंबईच्या त्या प्राध्यापिकाबाईंनी भरसभेत विचारलं, "मरायलाच निघाला तर पखाल कशाला?" तुम्ही उत्तर पुढच्या सभेवर ढकललंत. म्हणून मला "लवकर कळव."

कळवते. आमच्या शेजारचा म्हातारा पाणबुड्या सांगायचा, इथे समुद्राच्या तळाशी गोड्या पाण्याचे झरे होते. पायाला दगड बांधून खाली जायचं, पखाल भरायची, दगड सोडून वर यायचं. त्या फिनिशियन खलाशांचे पूर्वज याच बेटांवरचे, असं काही जुने इतिहासकार लिहून गेलेत. त्यावरूनच मला गोष्ट सुचली. नव्या किनाऱ्यावर माणसं तहानेने मरत असताना नाखव्याला आजोबांची ही विद्या आठवते. तो मरायला जात नाही, पाणी आणायला जातो.

ते प्रकरण तुम्ही काढून टाकलंत. खाऱ्या समुद्रात गोडं पाणी? बाईमाणसाची चूक वाटली असेल. दगड आणि पखाल मात्र काढायची राहिली.

आता हे उत्तर सभेत देऊन बघा. मग ते प्रकरण कुठाय, असं विचारतील. ते माझ्या ट्रंकेत होतं, कार्बन कॉपीत, माझ्या अक्षरात, तारखांसकट. काल बाईंना रजिस्टरने पाठवलं. त्यांच्या कॉलेजचं नाव तुम्हीच पत्रात लिहिलं होतंत. खलास, भाईजान.

वेणी धरून तुम्ही मला पोहायला शिकवलंत, म्हणून वर्षभर गप्प बसले. अम्माबद्दल तर लिहायचंच नव्हतं. पण खदिजाभाभी फोनवर बोलून गेली, शेवटच्या आठवड्यात अम्मा पुस्तक उशाशी घेऊन येईल त्याला सांगायची, "माझ्या जमालने लिहिलंय." तुम्ही शेजारी बसून ऐकत होतात.

वहीची माफी कदाचित मिळाली असती.

दर जुम्म्याला तुम्ही कबरस्तानात फातिहा पढायला जाता. आपल्याकडे बायका तिथे जात नाहीत, नाहीतर मीच गेले असते. बाईंनी सगळ्यांना सांगण्याआधी एकदा अम्माला सांगा, मोठ्याने, रशीदाने लिहिलं म्हणून. तुम्ही सांगणार नाही, ठाऊक आहे मला. तरी सांगा.

वही देणारी,
रशीदा