चिठ्ठी मी आधी दाखवली

बाबा,

यकृत पोटाच्या उजव्या बाजूला असते आणि प्लीहा, म्हणजे आपल्याकडची पानथरी, डाव्या. हे मी शाळेतल्या शरीरशास्त्राच्या पुस्तकात वाचले होते आणि तुम्ही आजारी पडलात तेव्हाही ते मला आठवत होते. तुमचे दुखणे उजव्या बरगडीखाली होते. आपले डॉक्टर म्हणत होते, हा नेहमीचाच हिवताप आहे, पानथरी वाढली आहे. धानाच्या मुलखात हिवताप कुणाला आला नव्हता? मी ते मान्य केले. बाजू जुळत नाही, हे मी कुणालाही बोललो नाही. त्याला आता तीस वर्षे झाली.

तुम्ही राइस मिलमध्ये धान पारखायला होतात. धानाची बैलबंडी आली की पोत्यात परखी, म्हणजे टोकदार पोकळ नळी, खुपसून मूठभर धान काढायचे, तूस चोळून उडवायचे, दाणा दाताखाली फोडून ओल ओळखायची. मग तोच नमुना शेडच्या दुसऱ्या टोकाला बसणाऱ्या दुसऱ्या पारख्याकडे जाई. तुमचे मत काय, हे त्यांना आधी कळू द्यायचे नाही, हा तुमचा नियम होता. कॉलेजच्या सुटीत एकदा तो नमुना मी नेला आणि देता देता बोलून गेलो, "बाबांनी पहिला नंबर म्हटलाय." त्या गृहस्थांनी धानाकडे न पाहताच मान डोलावली. तुम्ही तिकडून उठून आलात आणि त्यांच्या हातातला नमुना पोत्यात परत ओतलात.

"तुले सांगाले कोणं सांगतलं होतं? आता ते का पाहतीन? माहाच शब्द मले वापस करतीन."

"जाऊ द्या ना भाऊ," एक हमाल म्हणाला, "बी.कॉम. होऊन राहिला पोरगा. धानात कायले हात घालन तो?"

सगळे हसले. तुम्ही हसला नाहीत. नवा नमुना काढलात आणि तो स्वतः नेऊन दिलात, तोंडातून अवाक्षर न काढता.

आपले डॉक्टर तुमचे मित्र होते. ताईच्या लग्नात ते पंगतीत वाढायला उभे राहिले होते. म्हणून तीन आठवडे ताप हटला नाही तरी तुम्ही दुसरीकडे जायला तयार नव्हतात. चुलीपुढे बसलेली आई दिसते आहे मला, भाकर थापता थापता म्हणते आहे, "दुसऱ्या डाक्टरले दाखवा न एकडाव."

"अन् त्यायले का वाटन? घरी येऊन जेवते तो माणूस."

"जेवते म्हणून तुमचं पोट समजते का त्याले?"

तुम्ही हसलात, आणि हसताना बरगडी घट्ट धरलीत.

शेवटी आईच्या हट्टामुळे मी तुम्हाला स्टेशनजवळच्या नव्या डॉक्टरकडे नेले. मित्राला कळू नये म्हणून बाजार टाळून मागच्या रस्त्याने टांगा नेला. दुसऱ्या दिवशी सकाळी छोट्या लाईनच्या, म्हणजे नॅरोगेजच्या, गाडीने मला जबलपूरला निघायचे होते. पहिलीच नोकरी, ठरल्या तारखेला हजर न झाल्यास नेमणूक रद्द, असे पत्रात स्पष्ट लिहिले होते. डॉक्टर तरुण होते, परप्रांतातून नुकतेच आलेले. त्यांनी तुम्हाला टेबलावर निजवले, सदरा वर केला आणि हात पोटाकडे नेला. त्याच क्षणी मी खिशातून आपल्या डॉक्टरांची चिठ्ठी काढून पुढे केली. हात मागे गेला. त्यांनी चिठ्ठीवरचे नाव वाचले.

"अरे, बडे डॉक्टर साहब देख रहे हैं! फिर मैं क्या बताऊँ? यही दवा चलने दीजिए."

तुम्ही पडल्या पडल्या माझ्याकडे पाहिलेत. परतताना टांग्यात तुम्ही दोनच वाक्ये बोललात. "चिठ्ठी आदीच देल्ली तू." आणि बऱ्याच वेळाने, "उद्या गाडी किती वाजता हाय तुही?"

बाराव्या दिवशी तार आली. मी परत येऊन तुम्हाला नागपूरला नेले. तिथल्या डॉक्टरांनी कोणताही कागद मागितला नाही. उजव्या बरगड्यांमध्ये दोन बोटे टेकवली आणि तुम्ही किंचाळलात. मी तुमचा तसा आवाज कधी ऐकला नव्हता. यकृतात पू झाला होता आणि गळू आत फुटले होते. "इथे कुणी दाबून पाहिलं नव्हतं का?" त्यांनी विचारले. तिसऱ्या दिवशी तुम्ही गेलात.

आता माझ्या ओळखीत कुणी आजारी पडले की मी सांगतो, दुसऱ्या डॉक्टरकडे जा, आणि पहिल्याचे कागद तो स्वतः तपासून बोलेपर्यंत बाहेर काढू नका. लोकांना हा माझ्या काटेकोर स्वभावाचा भाग वाटतो. मीही स्वतःला अनेक वर्षे सांगत आलो की त्या दिवशी घाईत तुमचा नियम विसरलो. विसरलो नव्हतो. तो हात येताना मला दिसला होता. तो तिथे टेकला तर नागपूरला जावे लागेल आणि माझी गाडी चुकेल, एवढेच मनात आले. मला पहिलेच उत्तर पुन्हा ऐकायचे होते.

आई असेपर्यंत हे लिहिणे शक्य नव्हते, आणि आता ती नाही, तरी हे कुणाला वाचायला देणार नाही. तुमच्यामागे ती अठरा वर्षे जगली. भेटायला येणाऱ्या प्रत्येकीला ती सांगायची, "का करता बाई, दोन डाक्टरायले दाखवलं. दोघायनंबी एकच सांगतलं." तेवढ्याने तिला जरा बरे वाटे. मग ती माझ्याकडे वळून पाही, आणि मी दर वेळी म्हणत असे, "हो, दोघांनीही नीट तपासलं."