फायनलची तारीख

१ फेब्रुवारी
सातपुडा टेनिस बॉल लीगचा अध्यक्ष झालो. बिनविरोध. मीटिंग माझ्याच शिलाईच्या दुकानात होती आणि चहाही मीच सांगितला होता, पण लोकांचं प्रेम आहेच. लीग एकदम प्रोफेशनल चालवायची. घटना लिहिली. कलम नऊ: ठरल्या तारखेला फायनल झाली नाही तर अध्यक्षाने खुर्ची सोडायची. एवढी हिंमत कोण दाखवतो?

६ फेब्रुवारी
लोणखेडा टीमचा मालक धर्मेंद्र म्हणाला, सलीमभाई, तुम्ही अध्यक्ष बी अन् शहादा टीमचे मालक बी, हे कसं चालेल? अध्यक्ष म्हणून मी गंभीरपणे विचार केला. मालक म्हणून माझं समाधान झालं. विषय संपला.

८ फेब्रुवारी, दुपार
लिलाव. खेळाडू घ्यायला सगळ्या टीमना सारखे पॉइंट, म्हणजे स्पर्धा समान राहते. शहाद्याला जरा जास्त दिले, शेवटी मुख्यालय आहे. अक्कलकुव्याच्या डोंगरातला फास्ट बॉलर बाज्या मी घेतला. तो म्हणाला, भाऊ, होळीला मी नाही, नवस आहे, अंगाला राख लावून नाचायचं आहे. भाव वाढवायची ही पद्धत मी ओळखतो. पाठ थोपटली.

१८ फेब्रुवारी
उद्यापासून रोजे. आमच्या पोरांचे हाल नकोत म्हणून सगळ्या मॅच सकाळी ठेवल्या. सर्व समाजांचा असा विचार आजवर कुणी केला नव्हता. फायनल २ मार्च. स्वतःसाठी अध्यक्षाचा ब्लेझर बेतला. शिवणीत दोन बोटं कापड जास्त सोडलं. पुढच्या टर्मपर्यंत अंग सुटेल.

२६ फेब्रुवारी
घसा कोरडा. शहादा आणि लोणखेडा फायनलमध्ये. आणि बाज्या गावी निघाला. नवस सुरू झाला म्हणे, आता चप्पल नाही, खाटेवर झोपणं नाही. शिस्तभंगाची नोटीस काढली. ती घ्यायला थांबला नाही. दोन्ही टीममधले डोंगरातले सगळेच त्याच्या मागे गेले.
जाहेदा म्हणाली, रोज्यांचं टाइमटेबल पाहिलंत, त्याच्या शेजारचं कॅलेंडर नाही दिसलं? दोन तारखेला होळी आहे. बायकोला स्पोर्ट्स मॅनेजमेंट कसं समजावणार? प्रोफेशनल खेळाडू परत येतातच.

२ मार्च, सकाळी
मैदानावर मी आणि अंपायर. अंपायरलाही अक्कलकुव्याची जीप धरायची होती. धर्मेंद्रला फोन लावला. म्हणे, सलीमभाई, अख्खी टीम काठी गावनी होळीले चालनी, मी बी जाई ऱ्हायनू. फायनल झाली असं दाखवायला टॉस तरी केला. मी जिंकलो. अंपायर गेल्यावर स्टंप एकट्याने उपटले. फार वाईट वाटलं.

८ मार्च
काल अक्कलकुव्याला फायनल झाली म्हणे. तारीख खेळाडूंनीच ठरवली. बाज्याने पाच विकेट काढल्या, शहादा जिंकलं. मालकाला कुणी कळवलं नाही. कलम नऊप्रमाणे माझी खुर्ची गेली, धर्मेंद्र बिनविरोध अध्यक्ष. तोच मालक आणि तोच अध्यक्ष, हे तत्त्वतः चूक आहे. कुणीतरी बोललं पाहिजे.

१० मार्च
धर्मेंद्र दुकानात आला. ब्लेझर त्याच्या मापाचा करून हवा आहे, शुक्रवारी बक्षीस समारंभ. पोट मोठं आहे त्याचं. शिवण उसवली. सोडलेलं कापड बरोबर पुरलं.