सुटीची घंटा

४ फेब्रुवारी
आलो एकदाचे सावरओहोळला! स्टेशनाला लागूनच भाड्याचं घर मिळालं. भोवती कांद्याचे हिरवे वाफे, आणि दिवसातून दोनदा थांबणारी पॅसेंजर. बायको साधना म्हणाली, "म्हातारपणी गाड्या बघायला आणलंत मला!" तिला मी पाचवीच्या पुस्तकातली आगगाडीची कविता म्हणून दाखवली. ती अर्ध्यातच झोपली.

५ फेब्रुवारी
फलाटाच्या टोकाला एक दगडी शेड आहे, कुलूपबंद. टपरीवाला मोतीराम सांगत होता, प्लेगच्या साथीत आजारी उतारूंना गाडीतून उतरवून तिथं कोंडत. घंटा झाली की सोडू, पुढच्या गाडीत बसवू, असं सांगत. ती घंटा कधी झालीच नाही. शेडपुढे घंटा म्हणून रुळाचा तुकडा टांगलाय, थेट आमच्या शाळेतल्यासारखा! मोतीराम म्हणे, गुरुजी, त्याला हात नका लावू, लय दिवसांची माणसं बसलीत आत.

६ फेब्रुवारी
दुपारी राहवलं नाही. दगड घेतला आणि सुटीची घंटा दिली, लांबलचक, पोरं उधळायची तशी. किती वर्षांनी! मोतीरामने घाईघाईनं टपरी आवरली, माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. परत येताना वळून पाहिलं, शेडचं दार सताड उघडं.

८ फेब्रुवारी
साधना सांगते, गाठोडी घेतलेल्या बाया दारात पाणी मागून गेल्या. गाडी कधी, विचारत होत्या. मला कोणी दिसलं नाही. पण त्या प्यायल्या तो तांब्या उचलला, तर चटका बसला.

९ फेब्रुवारी
साधनाला सणकून ताप. काखेत गाठ. आमची नात मृण्मयी नाशिकला असते, तिला फोन केला. म्हणाली, आजोबा, उद्याच्या पॅसेंजरने आजीला आणा, मी नाशिकरोडला फलाटावर उभी राहते. दवाखान्याचं बघते.

१० फेब्रुवारी
गाडीत लिहितोय. साधना खांद्यावर, अंग विस्तव. माझ्याही काखेत ठणकतंय. डबा रिकामा होता. सावरओहोळ सुटलं आणि—

समोरच्या बाकावर गाठोडी. मधल्या वाटेत, दारात— आज मलाही दिसतायत. सगळे काख दाबून.

एक बाई हसली. म्हणाली, गुरुजी, तुम्ही सोडलंत, उपकार झाले.

साखळी ओढली. गाडी थांबत नाही. मृण्मयीला फोन लागत नाही—

नाशिकरोड. सगळे उठले—

ती दिसली. पळत येतेय, आजीला उतरवायला हात पुढे— सगळ्यांनीच तिच्याकडे हात—

मृण्मयी, मागे हो, हात नको दे—