गंगूबाईच्या कोनाड्यातलं प्रस्थान

प्रिय वहिनी,

रीतीप्रमाणं ‘तीर्थस्वरूप’ लिहायला हवं होतं. पण तीर्थाचं नाव काढलं की तुम्हाला यात्रेकरू आठवणार, आणि तुम्ही असाल तिथं आधी पुरणाची डाळ चढवणार. म्हणून आपलं साधंच लिहितो.

पत्र आजच लिहायचं कारण असं की उद्या शनिवार आहे. उद्या पहिल्या एस.टी.नं आम्ही तुळजापूर सोडतोय. सोलापूरला जाऊन तिथून रेल्वेनं हैदराबाद. आम्ही म्हणजे मी आणि दादा. होय, दादाच. तुम्ही गेल्यापासून ज्यांना ओसरीची पायरी उतरवणं मला जमलं नाही, ते. कसं जमलं हे तुम्हाला कळवायलाच हवं, कारण जमवलंत तुम्हीच.

आठवतं का, हे खूळ कुठून निघालं? शेजारची गंगूबाई कासारीण बांगड्यांचा माल आणायला हैदराबादला जायची आणि आली की आपल्या ओसरीवर तुमचे हात भरता भरता तिथल्या गोष्टी सांगायची. एकदा म्हणाली, एका नवाबाची सगळी दौलत आता लोकांना बघायला खुली केलीय, आणि त्यात एक संगमरवरी बाई आहे. तोंडावर ओढणी, ओढणीही दगडाची, तरी आतला चेहरा दिसतो.

तुमचा हात तिच्या हातात तसाच राहिला. “दगडातनं दिसतो?”

“व्हय वयनी. तुमच्या पोळीतनं पुरण दिसतंय, तसा.”

झालं. त्या दिवसापासून तुम्हाला दुसरं काही सुचेना.

खरं तर तुमचं चुकत नव्हतं. नगरपासून बेळगावपर्यंतचा मुलूख आपल्या ओसरीवर जेवून गेला. तुम्ही मात्र सोलापूरच्या पुढं कधी गेला नव्हता. बाकीच्या गावांतल्या बायका देवाची सबब सांगून घराबाहेर पडतात. देवीच्याच गावात राहणाऱ्या बाईनं कुठल्या देवाचं नाव पुढं करायचं? दादांनी तेच विचारलं. “जगदंबा दारात असताना हैदराबादेत कोण आहे?”

“कुणी नाही, म्हणूनच जायचं,” तुम्ही म्हणालात. “दोन दिवस कुणाचा नैवेद्य करायला नको.”

“हैदराबाद आपली राजधानी होती तोवर कोर्टकचेरीला जावं लागायचं. आता राजधानी मुंबई झाली. तिथं आपलं काम काय उरलं?”

“काम उरलं नाही की मगच बघायला जायचं असतं.”

मी पाठशाळेत बरीच वर्षं वादविवाद ऐकले, वहिनी. पूर्वपक्षाला इतक्या थोडक्यात गप्प बसवलेलं पाहिलं नव्हतं. दादांनी अडकित्ता उचलला आणि म्हणाले, “तुम्ही दोघं जा. मी येणार नाही.”

मग तुम्ही अंगणात रांगोळीनं हैदराबाद काढलंत. चार ठिपके म्हणजे चारमिनार. मधून मुसी नदी. नवाबाच्या दौलतीला कमळ. तुळशीपाशी कोपऱ्यात गोवळकोंडा. तेवढ्यात कुलाचाराला आलेल्या एका घरातल्या आजीबाई मुसी नदी तुडवून थेट तुमच्या स्वयंपाकघरात शिरल्या. मी हळहळलो. तुम्ही म्हणालात, “बरं झालं, पुलाची काळजी मिटली.”

खाण्याचा भाग तुम्ही सर्वांत गांभीर्यानं घेतलात. गंगूबाईनं जर्दाळू शिजवून वर साय घातलेलं गोड सांगितलं. “जिभंवर ठिवलं की मानूस बोलायचंच थांबतंय बगा.”

“मग भावजींना दोन वाट्या.”

मी म्हटलं, तुमच्या पाहुण्यांना कधीतरी तेच वाढा, ओसरीवर जरा शांतता होईल. पण डबल रोटी तुपात तळून केलेल्या गोडाशी तुमचं घोडं अडलं. पाव या घरात कधी आला नव्हता. तुम्ही माझ्याकडं शास्त्रार्थ मागितलात. मी निर्णय दिला की ग्रंथकारांनी डबल रोटी पाहिलेलीच नव्हती, तेव्हा तिचा निषेधही त्यांनी केलेला नाही. त्यावर तुम्ही इतक्या समाधानानं मान हलवलीत, की एवढ्या वर्षांत माझ्या संस्कृतचा घरात प्रथमच काही उपयोग झाला.

गोवळकोंड्याचं तुम्ही आधीच ठरवलं होतं. खाली दरवाज्यात टाळी वाजवली की पार वरच्या टोकाला ऐकू येते, असं गंगूबाईनं सांगितलेलं. “माझे गुडघे काही चढायचे नाहीत. मी खाली टाळी वाजवते. तुम्ही वर जा आणि ऐकू आली की सांगा.” वरून सांगितलेलं तुम्हाला खाली कसं ऐकू येणार, हे मी विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, “ओरडायचं. मास्तर आहात ना?”

आणि एवढं सगळं ठरल्यावर पंचांग आडवं आलं. शाळेच्या सुट्टीमुळं जायचं शनिवारी आणि यायचं रविवारी. शनिवारी पूर्वेला दिशाशूल, रविवारी पश्चिमेला. सात वारांतून आपण नेमके तेच दोन निवडले होते! मी म्हटलं, हैदराबाद धड पूर्वेला नाही, आग्नेयेला आहे. तुम्ही म्हणालात, सूर्य काय कोन मोजून उगवतो का? मी म्हटलं, एस.टी. आधी सोलापूरला म्हणजे दक्षिणेकडंच जाते. तुम्ही म्हणालात, “भावजी, देवाला फसवायचं तर जरा नीट फसवावं.”

म्हणून तुम्ही प्रस्थान ठेवलंत. चांगल्या वारी हळद-कुंकू, तांदूळ आणि माणशी एक सुपारी फडक्यात बांधून वाटेवरच्या घरी नेऊन ठेवायची, म्हणजे प्रवास त्याच दिवशी सुरू झाला. पौर्णिमेची गर्दी ओसरली त्या गुरुवारी तुम्ही पुरचुंडी गंगूबाईच्या कोनाड्यात ठेवून आलात. तिचं घर आपल्या पूर्वेला, हेही बघून झालं होतं. मी विचारलं, “जायचं जमलं. रविवारी पश्चिमेला परतायचं, त्याचं काय?”

“येतानाचं येताना बघू.”

त्याच संध्याकाळी तुम्ही अंथरूण धरलंत. वहिनी, एका गोष्टीबद्दल मी अजून तुमच्यावर रुसलेला आहे. अख्खं नवरात्र तुम्ही ताप अंगावर काढलात, पोळ्या लाटत राहिलात, आणि कुणाला कळू दिलं नाहीत. जिच्या पोळीतून पुरण दिसायचं, त्या बाईच्या चेहऱ्यातून आम्हाला काहीच कसं दिसलं नाही? शनिवारी आपण हैदराबादला असायला हवं होतं. आम्ही तुमच्या उशाशी होतो. सोमवारी तुम्ही गेलात.

तेव्हापासून दादा ओसरीच्या खांबाला टेकून बसलेले. यात्रेकरू आले की शेजारच्या आळीकडं बोट दाखवायचे. जेवायला बसले की पोळी उजेडाकडं धरायचे आणि तशीच ताटात ठेवायचे. मी लाटलेल्या पोळीतून काही दिसत नाही, हे मला मान्य आहे. पण माणूस दिवसेंदिवस निम्म्या पानावरून उठत होता, आणि मला भीती वाटायला लागली होती. दोन भावांमध्ये बोलायचात ते तुम्हीच, वहिनी. आम्हाला एकमेकांशी बोलायची सवयच नव्हती.

या बुधवारी गंगूबाई दारात येऊन उभी राहिली. माघ लागला, तिच्या लेकीचं लग्न ठरलंय.

“मास्तर, घराला सफेदी काढायचीय. वयनीचं गठुडं माज्या कोनाड्यात हाय. म्या त्याला हात लावनार न्हाय.”

दादा खांबापासूनच म्हणाले, “इकडं आणून दे.”

“वयनी म्हनल्यात्या, ठिवलेलं माघारी घरात आनायचं न्हाय.”

“मग नदीत सोड.”

“ह्या डोंगरावर नदी कुटनं आनू, काका?”

दादा उठले. बहुधा तिला गप्प करायलाच उठले असावेत, पण पायरी उतरले, चपला घातल्या आणि तिच्या घरी गेले. मी मागून. त्यांनी कोनाड्यातली पुरचुंडी घेतली आणि तिथंच जमिनीवर बसून सोडली. कुंकू तांदळात मिसळून गेलं होतं. आत तीन सुपाऱ्या होत्या.

दादा त्यांच्याकडं बघत राहिले. “तीन कशाला? मी तर नाही म्हणालो होतो.”

“म्याबी तसंच म्हनले वयनीला,” गंगूबाई म्हणाली. “तर म्हनल्या, त्येंचं न्हाय म्हंजे अजून इचार चाललाय.”

दादांच्या खांद्यांना जे झालं त्याला मी आधी रडणं समजलो. हसत होते, वहिनी. मग दोन्ही झालं. गंगूबाई पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि कोपऱ्यात उगीच बांगड्या लावत बसली.

पुरचुंडी त्यांनी पुन्हा बांधली, तुमच्यासारखीच दुहेरी गाठ मारून, आणि कोनाड्यात ठेवली. “शनिवारी जाताना घेऊ.”

“आन् माजी सफेदी?”

“रविवारी काढ. आम्ही नसू.”

घरी येताना मला राहवलं नाही. म्हटलं, “दादा, शास्त्रात प्रस्थानाला थोड्याच दिवसांची मुदत असते. हे तर केव्हाच उलटलं.”

“शास्त्र तुझ्याजवळ ठेव. तिनं ठेवलंय ना? मग चालतं.”

“आणि रविवारी पश्चिमेला परतायचं?”

ते पायरीवर थांबले. “येतानाचं येताना बघू, वामन.”

हे तुमचं वाक्य त्यांनी खांबाला टेकून केव्हा ऐकलं होतं, कोण जाणे. आम्ही समजत होतो ते सुपारी कातरतायत.

आत्ता दुपार कलली आहे. पिशवी भरून झाली. मी दशम्या केल्यात. तुम्ही बघितल्या नाहीत हे त्यांचं नशीब. दादांनी धोतरं आपल्या हातानं घडी घातली. मघापासून माजघरातून मधूनच टाळीचा आवाज येतोय. एकदा हळू, एकदा जोरात. मी इथं बसून लिहितोय, जणू काही ऐकूच येत नाही.

तेव्हा वचन देतो. जर्दाळूचं गोड दोन वाट्या खाईन आणि दुसरी तुमची समजेन. दादा डबल रोटीला नको म्हणाले, तर अजून विचार चाललाय असं धरून त्यांच्या पानात वाढीन. त्या दगडी बाईपुढं त्यांना हवं तितका वेळ उभं राहू देईन. घड्याळ काढणार नाही, माहिती सांगणार नाही. आणि गोवळकोंड्याला तुमच्या जागी खाली दरवाज्यात दादा उभे राहतील, मी वर चढून जाईन. टाळी ऐकू आली, की तुम्ही सांगितलं होतं तसं ओरडून सांगेन.

तुमच्या दोन वाट्यांचा मानकरी,
वामन भावजी