दाराला टेकून

३ फेब्रुवारी

दाढ फुटली! माझी!

दिवसभर लॅबमध्ये बसून दुसऱ्यांच्या कवळ्या घडवायच्या आणि झोपेत स्वतःचीच दाढ चावून फोडायची. डॉक्टरीणबाईंना हसू आवरेना. आमच्या कवळ्या त्यांच्याच दवाखान्यात जातात, त्यामुळे ओळख जुनी. "झोपेत दात खाता तुम्ही. कोणावर एवढा राग?" म्हटलं, राग कसला, काम वाढलंय. "मग कामावर दात खाता," म्हणाल्या.

दाढ बुजवून झाल्यावर औषध लिहून देतील असं वाटलं होतं. तर सांगतात काय — संध्याकाळी घरी गेल्यावर आधी गरम पाण्यात बसायचं. निवांत. फोन घ्यायचा नाही. जबडा सैल सोडायचा.

गरम पाण्यात बसायचं! आमच्या टबात आधी मला जागा कुठे आहे?

४ फेब्रुवारी

घराच्या आधीच्या मालकाने हौसेने टब बसवला. आम्ही हौसेने त्यात अडगळ भरली. आज सगळी उपसली. मोडका पंखा, लेकीचे लहानपणचे बूट, रंगाचे वाळलेले डबे, आणि तळाशी माझी छत्री, जी बसमध्ये विसरले म्हणून मी इतकी हळहळले होते.

लेक दारात उभी राहून हसत होती. "आई, तू टबात? सिनेमातल्या बायकांसारखी?"

"हो. आणि तू बाहेर चहा घेऊन उभी."

हे कामावरून आले, टबाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, पाना आणून गळका नळ घट्ट केला. एक शब्द नाही. लेक म्हणते, बाबांच्या शब्दकोशात एकच शब्द आहे — हं.

५ फेब्रुवारी

पहिला दिवस. फजिती!

पाय बुडवले नाहीत तोच, "आई, माझा निळा शर्ट?" मग, "आई, चार्जर?" मग शेजारीण. मग पुन्हा शर्ट. अंग अर्धं ओलं, अर्धं चिडलेलं अशी बाहेर आले. आधी बरी होते.

८ फेब्रुवारी

आज काहीतरी निराळं झालं.

पाण्यात बसले होते. हे आले, दाराबाहेरच्या स्टुलावर बूट काढायला बसले आणि उठलेच नाहीत. दाराला पाठ टेकल्याचा आवाज आला. पातळ दार आहे, कुरकुरतं. मग लेकीची हाक आलीच नाही. बाबांना ओलांडून कोण ओरडणार?

नखांतलं प्लॅस्टर सुटून पाण्यात पांढरट ढग झाले. मान मऊ पडली. तोंड आपोआप उघडलं, आणि मी बोलायला लागले. कसलं तरी. एका आजोबांना तरुणपणीच्या फोटोतल्यासारखेच वाकडे दात हवेत, त्याची गोष्ट.

"हं," बाहेरून आलं.

इतकं बरं वाटलं!

१३ फेब्रुवारी

रोज बसतात. मी रोज बोलते. आईची आठवण येते ते बोलले. लेक मोठी होतेय त्याची भीती वाटते ते बोलले. माझ्या हाताला हल्ली बारीक कंप येतो, तो मी सगळ्यांपासून लपवते — तेसुद्धा. मधे मधे तो "हं". अगदी जागच्या जागी.

समोरासमोर हे जमत नाही. समोर टीव्ही असतो, तो शेजाऱ्यांनाही ऐकू जाईल एवढा मोठा. फोन वाजला की हे तो लेकीकडे देतात, "तूच बोल, मला फोनवर बोलायचा कंटाळा." हाक मारली तर ढिम्म. आणि दाराआड मात्र एवढं मन लावून ऐकणारा माणूस! इतकी वर्षं कुठे होता हा?

१४ फेब्रुवारी

रात्री दात खाल्ले नाहीत. सकाळी जबडा हलका.

१९ फेब्रुवारी

लॅबच्या मालकीणबाईंनी आत बोलावलं. दुसऱ्या शहरात नवी लॅब काढतायत. "ती तू सांभाळ. मुलींना शिकव. तुझ्यासारखा मेण कोरणारा हात माझ्याकडे दुसरा नाही."

तिथेच राहावं लागेल. सुट्टीला घरी.

मला जायचंय. इथे लिहायला काय हरकत आहे? मला फार जायचंय. आणि त्याचीच लाज वाटतेय.

२० फेब्रुवारी

विचारलं. पाण्यातूनच. आधी सगळं सांगितलं — शहर, खोली, मुली, माझी हौस. मग श्वास घेऊन म्हटलं, "अहो, जाऊ का मी?"

"हं."

"खरंच? तुम्ही राहाल माझ्याशिवाय?"

"हं."

मी नाकापर्यंत पाण्यात गेले. रडले असेन, पाण्यात काय कळणार!

२१ फेब्रुवारी

मालकीणबाईंना हो सांगितलं.

२४ फेब्रुवारी

जेवताना ह्यांनी विषयच काढला नाही. कधी जाणार, कुठे राहणार, काही नाही. भात पुढे सरकवला. माझ्याकडे बघून हसले.

इतकं सोपं होतं का ह्यांना? अडवायचं नव्हतं, पण एकदा "का गं?" तरी म्हणायचं. परवानगी हवीच होती. मिळाली तर टोचतेय.

दाढ पुन्हा ठणकते.

२७ फेब्रुवारी



संध्याकाळी उठले, अंग पुसलं, कपडे घातले, आणि दाराची कडी अडकली. हलेना. बाहेर हे होतेच. दार कुरकुरत होतं.

"अहो, कडी अडकलीय."

"हं."

"अहो, दार उघडत नाही! बाहेरून ढकला!"

"हं."

मला वाटलं चेष्टा चाललीय. हसले. मग ओरडले, "मला गुदमरतंय इथे!"

बाहेरून शांतपणे, प्रेमाने — "हं."

मी दारावर मूठ आपटली. तेव्हा हे ताडकन उठले. "काय झालं? काय गं?" खांदा लावला. कडी निसटली. दार उघडलं आणि हे माझ्या डोळ्यांकडे नाही, माझ्या ओठांकडे बघत होते.

ओठांकडे! टीव्ही. फोन. मागून मारलेल्या हाका. सगळं एकदम माझ्यापुढे येऊन उभं राहिलं.

मी ओठ न हलवता त्यांचा हात धरला.

२८ फेब्रुवारी

लेक मैत्रिणीकडे गेल्यावर स्वयंपाकघरात दिव्याखाली समोरासमोर बसलो. मी सावकाश बोलत होते.

"कधीपासून?"

"झाली असतील दोन वर्षं. मशीनने खाल्ले कान." हे कारखान्यात डब्यांची झाकणं कापतात. पत्र्यावर पत्रा, दिवसभर.

"मला का नाही सांगितलंत?"

"कारखान्यात कळलं तर गोदामात बसवतील. आणि तुला काय सांगायचं? तुझ्या डोक्यावर आणखी एक ओझं. डोकं दुखवून घेत होतीस तू. दिसत होतं मला."

"मग रोज दाराशी का बसायचात? एक अक्षर कळत नव्हतं ना?"

ह्यांनी पाठीवर हात नेला. "इथे कळायचं. तू बोललीस की दार गुणगुणतं. थांबलीस की मी हं म्हणायचो. आणि तू बाहेर यायचीस तेव्हा तुझा चेहरा..." हाताने दाखवलं. मिटलेली मूठ उघडावी तसं.

एवढं सगळं मी एका दाराला सांगितलं होतं. आणि तरी मला राग आला नाही. आलाच नाही.

मग नव्या लॅबचं सांगितलं. पहिल्यापासून.

"आणि मी हो म्हणालो?"

"हं म्हणालात."

१ मार्च

मी ठरवलं, मालकीणबाईंना नकार द्यायचा. ह्यांना असं टाकून जायचं कसं?

तर हे म्हणतात, "मी हं म्हटलंय. शब्द फिरवत नाही मी."

"कशाला हं म्हणताय ते ठाऊक तरी होतं का तुम्हाला!"

"नव्हतं. आता आहे." माझ्या डोळ्यांत बघितलं. "हं."

हसू आणि रडू एकदमच आलं. मग म्हणाले, "तू जा. मी कानाच्या डॉक्टरकडे जातो. मग गोदामात बसवलं तर बसवलं. दोघांनी मिळून घाबरू."

१३ मार्च

कानाचं मशीन आलं! हे घरभर फिरून तक्रारी करतायत. फ्रिज गुरगुरतो. लेक जेवताना किती आवाज करते! मला म्हणाले, "अगं, ओरडतेस कशाला?" दोन वर्षं ओरडायची सवय झालीय, ती एका दिवसात कशी जाईल?

१५ मार्च

उद्या निघायचं. शेवटचं पाणी काढलं. हे बाहेर बसले. दार कुरकुरलं. आणि आता खरंच ऐकू येणार म्हटल्यावर माझी जीभच उचलेना! नव्या नवरीसारखी.

"बोल ना," हे म्हणाले.

"पाणी गरम आहे."

"ते तर डॉक्टरीणबाईंनीच सांगितलंय. पुढे?"

दोघंही हसत बसलो, मधे दार.

१९ मार्च

इथल्या खोलीत टब नाही. बादली. दमून आले, नळ सोडला, तर फोन वाजला. लेकीचा असणार. उचलला. हे! ह्यांनी स्वतः लावलेला फोन!

"पाण्याचा आवाज येतोय," म्हणाले. "थांबवू नकोस. मी इकडे दाराला टेकून बसलोय. आत कोणी नाही, पण बसलोय. आज मी बोलतो. गोदामात नाही बसवलं. साहेब म्हणाले, कानावर झाकणं घालून करा काम. आणि तुझ्या हाताचा तो कंप. त्या दिवशी बसमध्ये चढवताना हात धरला तेव्हा कळला मला. तो डॉक्टरला दाखवायचा. ऐकतेयस ना?"

बादली भरून वाहत होती. मला एवढंच म्हणता आलं —

हं.