मामाची शौर्यकथा

केल्सो क्रीक, मॅनिटोबा
१४ सप्टेंबर १९३९

प्रिय डूगल्ड,

मळणी आटोपली. गहू बरा आला, टोळ यंदा दक्षिणेकडेच थांबले. आणि तुझ्या लाडक्या भाच्यानं, मरेनं, परवा जेवताना जाहीर केलं की सोमवारी ब्रँडनला जाऊन सैन्यात नाव घालणार. लढाई पुकारून चार दिवस झाले नाहीत तोच! बटाटे वाढून घेत सांगितलं, जसं काही बैल विकायला निघालाय. मी विचारलं, का रे बाबा? तर म्हणे, "आई, आपल्या पोरांचं नाव आहे जगात. जर्मन आपल्याला नुसतं बघून थरथरायचे. मामाला विचार."

मामाला कशाला विचारू? मामाला मी नाक पुसायला शिकवलंय. गेल्या लढाईतलं तुमचं ते नाव काय होतं ते मला माझ्या नवऱ्याकडून, एल्गिनकडून कळलंय, आणि तो तुझ्याच तुकडीत, तुझ्याच शेजारी चिखलात लोळत होता. तुम्ही सगळे राजासाठी गेलात म्हणे! क्लबात बसून सांगताना तुम्हाला लाज कशी वाटत नाही रे? माझा एल्गिन गेला, कारण सासऱ्यांनी त्याला डुकरांच्या गोठ्याला जुंपलं होतं आणि त्या वासापेक्षा तोफा बऱ्या असं त्याला वाटलं. लोहाराचा रॉरी गेला तो बायकोच्या तोंडाला कंटाळून. ती अजूनही म्हणते, "गेला आणि मेला, पण शेवटचा शब्द माझाच राहिला." आणि तू? विनिफ्रेडनं त्या किराणावाल्याच्या पोराशी लग्न ठरवलं, तेव्हा तू आठ दिवस माळ्यावर तोंड लपवून बसलास आणि नवव्या दिवशी भरतीला गेलास. राजाला बिचाऱ्याला यातलं काही ठाऊक असतं तर त्यानं तुम्हा सगळ्यांना परत पाठवलं असतं.

लढलात, हे मी नाकारत नाही. तोंडाला काजळी फासून जर्मनांच्या खंदकात शिरायचात, ज्यांनी तुम्हाला पाठवलं तेही तुमच्याकडे बघून दचकायचे. एल्गिन म्हणायचा, आमच्या दोन गोष्टी जर्मनांना पक्क्या माहीत होत्या. एक, कॅनडावाले कैदी घेत नाहीत. दुसरी, कॅनडावाल्यांना आठवण म्हणून घरी न्यायला काहीतरी हवंच असतं. शिरस्त्राण, घड्याळ, पट्टा, काय मिळेल ते. इंग्रज टेकडी जिंकून बसायचे आणि आमची पोरं मेलेल्यांचे खिसे चाचपायची. काय तो पराक्रम! कावळ्यांना पदकं द्यायची ठेवली कशाला मग?

आता तुझा तो चिनी मातीचा पाईप. हरणाचं चित्र असलेला. दरवर्षी चर्चच्या सुगीच्या जेवणात टर्की संपली आणि भोपळ्याची गोड पाई कापायला घेतली की तू तो पेटवतोस, खुर्ची मागे झुकवतोस आणि सुरू होतोस. फ्रान्समधल्या लान्सजवळचा खंदक, तू एकटा, समोर हा एवढा धिप्पाड जर्मन, त्यानं हातबॉम्ब काढायला कोटात हात घातला, आणि तू त्याच्याआधी गोळी झाडलीस. टटल पाद्रीसुद्धा घास हातात धरून ऐकतात. मरे लहानपणापासून ते ऐकत आलाय, त्याला तुझ्या खोकल्याच्या जागासुद्धा पाठ आहेत.

एल्गिननं ती गोष्ट मला विनोद म्हणून सांगितली होती. आम्ही कुंपणाचे खांब ठोकत होतो. हसत हसत म्हणाला, तो धिप्पाड वगैरे काही नव्हता गं, पन्नाशीचा, ढेरपोट्या, चष्मा लावलेला माणूस होता. दोन्ही हात वर करून उभा होता. आमचे बिल्ले बघितले आणि त्याला आठवलं, हे कॅनडावाले, यांना काहीतरी द्यावं लागतं. म्हणून बिचारा हसला, मान डोलावली आणि एक हात खाली करून कोटात घातला. डूगल्डनं झाडली. तो पडला तेव्हा मुठीत पाईप होता. "म्हणजे बघ," एल्गिन म्हणाला, "आम्हीच त्याला शिकवलं की आम्ही लुटतो, आणि तो बिचारा लूट हातात द्यायला लागला तर आम्हीच त्याला मारला." एवढं बोलून तो हसायचा थांबला आणि हातोडा तिथंच टाकून घरात निघून गेला. गेल्या हिवाळ्यात वारेपर्यंत त्यानं हा विषय पुन्हा काढला नाही.

त्या माणसानं तुझं काय घोडं मारलं होतं रे? घाबरलास, चुकलास, इतकं मी समजू शकते. एकोणीस वर्षांचा होतास. पण त्या चुकीवर बावीस वर्षं टाळ्या घेतोस, त्याच्याच पाईपातून धूर सोडतोस, याला काय म्हणू? मला किळस येते, डूगल्ड. तू माझा धाकटा भाऊ आहेस, तरी येते. आणि नोव्हेंबरात डुकरं कापायला काढली की हाच शूरवीर सबब काढून गावात पळतो, हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

आता हे सगळं का लिहितेय ते ऐक. काल मी मरेला खरं काय ते सांगितलं. तो माझ्यावर हसला. "आई, बाबांनी तुझी गंमत केली असेल. मामा असं करणारच नाही." मी हट्टाला पेटले, तसा म्हणाला, "मामानं चारचौघांत स्वतःच्या तोंडानं सांगितलं, तर सोमवारी जात नाही. मग तर झालं?" टटल पाद्री विचारायला आले होते की शनिवारी सुगीच्या जेवणात, जाणाऱ्या पोरांसमोर कुणी बोलायचं. मी तुझं नाव दिलं. तेव्हा ये आणि बोल. सगळं गाव तुझ्यावर थुंकेल कदाचित. पण तुझ्या पानाशेजारी मी बसेन, आणि उठून गेले तर तुझ्याबरोबरच उठेन. तो मरेल याची भीती मला आहेच, कुठल्या आईला नसते? त्याहून मोठी भीती मी पाद्रींनाही सांगितलेली नाही. तो धडधाकट परत येईल, त्याच टेबलाशी बसून अशीच एखादी गोष्ट सांगेल, आणि मला खरं ठाऊक असूनही टाळ्या वाजवाव्या लागतील, कारण तो माझा मुलगा असेल.

तुझीच,
एफी