बाईमाणसाची सायकल

त्रिंबक, तू भाऊबीजेला पाठवलेली सायकल काल ओढ्यात उभी राहिली. पडली न्हाई, उभी राहिली. दोन्ही चाकं वाळूत गेली आन् ती बया स्टँड न लावता ताठ उभी. मी मात्र थांबले न्हाई, हँडलावरनं पुढं गेले. टोपलीतल्या भाकरी माझ्याबी पुढं गेल्या. दुकानदाराला तू काय सांगितलंस ते न इचारता मला ठावं हाय. म्हणाला आसशील, बाईमाणसाची सायकल दे. आरं, रस्ता कसला हाय ते सांगितलंस का? सायकल बाई बघून घेत न्हाईत, रस्ता बघून घेतात. गुलाबी रंग, पुढं टोपली, टोपलीवर पिलास्टिकचं फूल, आन् टायर आसले बारीक की बांगड्या म्हणून हातात घालावेत.

हे फोनवर बोलले आसते. पण फोनवर तू हां अक्का, हां अक्का करतोस आन् दुकानात गिऱ्हाईक आलं म्हणून ठेवतोस. म्हणून कागद, यष्टीच्या कंडक्टरापाशी धाडते. (कागदबी तू ठेवून देशील, पण तुझी बायको केसर वाचून दाखवील. केसर, मोठ्यानं वाच गं.) आता रीत राहिली ती करते. चि. भाऊ त्रिंबकास थोरली बहीण मनकर्णाचा आशीर्वाद. सिरसाळ्यात समदे खुशाल आसाल. केसरची कंबर कशी हाय? इकडं पाणी टँकरनं येतं, टँकर त्याच्या मर्जीनं येतो, बाकी बरं हाय.

औंदा कडबा न्हाई म्हणून भुरी म्हस डोंगराखालच्या छावणीत बांधली, हे तुला ठावं हाय. तिथं जनावरापाशी घरचं एक माणूस लागतं, म्हणून तुझे दाजी खाट टाकून राहिले. चारा वाटून मिळतो, भाकरी घरून येती, पत्ते खेळाया मंडळी हायत. इतकं सुख त्या माणसाला आमच्या लग्नातबी मिळालं नव्हतं. पण भुरी माझ्या हातची. दाजी धार काढाया बसले की ती पान्हा चोरायची. आंबोण ठेवलं, पाठ खाजवली, हात जोडले, काही न्हाई. शेवटी कुणीतरी अक्कल दिली आन् दाजींनी माझं जुनं पातळ गुंडाळलं, डोक्यावर पदर घेतला आन् बसले. भुरीनं हुंगलं, निम्मं दूध दिलं, तेवढ्यात तिला मिशा दिसल्या. लाथ कुठं बसली ते मी कागदावर लिहीत न्हाई. सगळी छावणी हसून बेजार. आता तिथं त्यांना लोक मनकर्णाबाई म्हणतात, आन् माझी चौकशी करायची आसली की म्हणतात, "दुसऱ्या मनकर्णाबाई कवा यायच्यात?"

मग सकाळ-सांज मीच धारेला जायचं ठरलं. गावातल्या आप्पाची वडाप जीप हाय, पण ती माणसांनी भरल्याबिगर हालत न्हाई, आन् म्हस काय जीप भरायची वाट बघत न्हाई. तवा मी म्हणाले, मला सायकल येती, आन् भाऊबीजेला तुझ्याकडं सायकल मागितली. सासरी हे कुणाला ठावंच नव्हतं! बापाच्या सायकलीच्या दांडीखालून पाय घालून मी सिरसाळ्यात गल्लीगल्ली फिरवायचे आन् तू मागं बसून रडायचास. (आठवत न्हाई म्हणशील. आपलं रडणं कुणाला आठवतं.) लग्न झालं आन् ते सुटलं. इतक्या वर्षांनी बसले तर अंगाला समदं आठवलं, फक्त गुडघ्यांना कुणी कळवलं नव्हतं.

पण त्रिंबक, खरं सांगते. पहाटं गावाबाहेर निघालं की डांबरी लागती, जरा उताराची. तिथं पायडल मारावं लागत न्हाई. वारं पदरात शिरतं, घरातलं कुणी हाक मारू शकत न्हाई, आन् मी घंटी वाजवते. समोर कुणी नसतं, तरी वाजवते. तेवढ्या रस्त्यापुरती तुझी गुलाबी सायकल लई चांगली हाय. पुढं मुरूम लागतो, तिथं ती दात वाजवती. मग ओढ्याची वाळू, तिथलं सांगितलं. मग वेड्या बाभळीचे काटे, तिथं पंचर. मग छावणीचा चढ, तिथं सायकल मला न्हाई, मी सायकलीला नेते. एकदा पातळ चेनीत गेलं आन् मी चढावर आशी बांधली गेले की दोघींनी धरून सोडवलं, एकीनं पातळ आन् एकीनं सायकल. तिसरी नुसती हसत होती, ती कोण हे मी ध्यानात ठेवलंय.

आता मुद्द्याचं. दाजी मागल्या आठवड्यात म्हणाले, "भुरी आता मला वळखाया लागली, पातळाबिगर दूध देती. तू आता घरी बस, सायकल फडक्यात बांधून ठेव." मी इतक्या वर्षांनी बाहेर निघाले आन् म्हशीनं फितूर व्हावं? मी घरी बसणार न्हाई. आमच्या महिला दूध संस्थेला छावणीतलं समद्या बायांचं दूध गावच्या केंद्रावर आणायला माणूस पाहिजे. दुधाचा टेम्पो सकाळी येतो आन् थांबत न्हाई. आप्पानं ते काम आपल्या जीपला मिळावं म्हणून अर्ज केलाय. मी उठून म्हणाले, मी आणते. चेअरमन साखराबाई म्हणाली, "मनकर्णे, तुला एकटीला ओढा सुखानं वलांडता येईना, आन् दोन कॅन घेऊन कशी यायचीस?" तर शुक्रवारी पहाटं मी दूध टेम्पोच्या आधी आणून दाखवायचं, मग सभेत ठरायचं. जमलं तर रोजचं काम माझं, मग दाजीच काय, भुरीबी मला घरी बसवू शकत न्हाई.

म्हणून मी गावातल्या समद्या सायकली बघितल्या. संस्थेतल्या सत्यभामाच्या मालकाची काळी सायकल मजबूत हाय, कॅन दोन्ही बाजूंनी बसतात. पण दांडी छातीइतकी उंच, चढायला धोंडा लागतो. मधीच उतरलं की पुढचा धोंडा येईस्तोर हातात धरून चालायचं. शिवाय वाळूत तीबी बसती, आन् बसली की दोन माणसांबिगर उठत न्हाई. मग छावणीतल्या जनावरांच्या डॉक्टराचा कंपौंडर सिदू, त्याची गिअरची घेतली. एक गिअर टाकला तर पाय गरागरा आन् सायकल जागच्या जागी, दुसरा टाकला तर पाय हालंना. पुढं-मागं स्प्रिंगा, कॅरिअर न्हाई. किटली हँडलाला अडकवून आणली, तर केंद्रावर झाकण काढल्यावर वर लोण्याचे कण! साखराबाई म्हणाली, "उद्या ताकच करून आण, रवी धुवायची वाचंल." पण सिदूच्या जाड टायरनं वाळू आशी पार केली की मी ओढ्याच्या पल्याड थांबून मागं वळून बघितलं. दगडावर उडाली न्हाई, काट्याला घाबरली न्हाई.

तवा मला काय पाहिजे ते नीट ऐक. टायर जाड, दांडी खाली झुकलेली, म्हणजे पातळ अडकत न्हाई. चेनीवर झाकण. कॅरिअर लोखंडाचा. स्टँड दोन पायांचा, कॅन भरताना सायकल माझ्या अंगावर आली न्हाई पाहिजे. स्प्रिंगा नकोत. गिअर नकोत, मला एकच गिअर हाय आन् तो राग आला की आपोआप पडतो. रंग कसलाबी चालंल, फूल नको. आसली एक नवी घेऊन दे.

बाकी ठीक. केसरला सांग, शेकताना कमरेला तेल लावत जा. कळावे.

तुझी अक्का,
मनकर्णा

ता. क. वर नवी घेऊन दे लिहिलं ते खोडायचं राहिलं. नवी नको. डॉक्टरनं तुला पोट कमी करायला सायकल चालवाया सांगितली आन् तू जाड टायरची घेतलीस, ती खताच्या पोत्यांमागं उभी हाय आन् सीटचं पिलास्टिक अजून निघालं न्हाई, हे मला केसरनं सांगितलं. दांडी झुकलेली हाय का, तेबी तिनंच बघून सांगितलं. कॅरिअर नव्हता, तो तिनं सोमवारी बसवून घेतला. तू बघितला न्हाईस, म्हणजे तू तिकडं फिरकतबी न्हाईस. ती पाहिजे. तुला दुकानापासून चहाच्या हॉटेलापर्यंत गुलाबी पुरती, तो रस्ता डांबरी हाय.

ता. क. दुसरं. सायकल आली, घरी उभी हाय, आसं मी संस्थेत सांगून बसले. सत्यभामाला तर रंगबी सांगितला, हिरवा. तवा गुरुवारी दुपारच्या यष्टीच्या टपावर ती मला दिसली पाहिजे. दिसली न्हाई तर मी त्याच यष्टीत बसून सिरसाळ्याला येणार आन् तुझ्या त्या सायकलीवरनं परत जाणार, समद्या बाजारपेठेतनं, घंटी वाजवत. गुरुवारच्या आत उत्तर दे.